उद्घाटनाचा गोल

फोनवर सरांचं नाव टाकलं की सगळ्यात आधी एकच व्हिडिओ येतो. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. पाऊस पडतोय, चिखल झालाय, बाजूनं एक चेंडू गोलसमोर येतो, सर तो अडवायला पाय लांब करतात आणि चेंडू त्यांच्याच नडगीला लागून त्यांच्याच गोलात जातो. खाली हसऱ्या चेहऱ्यांचा खच पडलाय. वेल्समधला एक माणूस मिसरूड फुटायच्या वयापासून पस्तिशी उलटेपर्यंत बचावातला बॅक म्हणून फुटबॉल खेळला, त्यावर घर चालवलं, आणि जगानं त्यातलं जपून काय ठेवलं, तर हे. मला त्याचा संताप येतो. तुझा त्यात काय संबंध, असं माझी बहीण विचारते. आहे संबंध, म्हणून तर लिहायला बसलेय.

मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. माझा खेळ कबड्डी. कॉलेजात असताना कव्हरच्या जागेवर खेळायचे, अजूनही डावा खांदा थंडीत ठणकतो. फुटबॉल माझ्या गळ्यात पडला तो मुख्याध्यापकांमुळे. जिल्ह्याच्या स्पर्धेत मुलींचा संघ उतरवायचा असं वरून आलं आणि ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघा." फुटबॉलमधलं मला एवढंच कळत होतं की हात लावायचा नाही. मग कबड्डीच्याच मुली उचलल्या आणि जळगाव रोडच्या बाजूला एका संस्थेचं मैदान आहे, तिथं सकाळच्या वेळेची परवानगी मिळवली. मैदान म्हणजे काय, तर खडक आणि फुफाटा. जिथं घरच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं मैदानावर कोण शिंपडणार? तरी ते आमचं होतं. शाळेच्या आवारात तर एक लंगडी घालायची म्हटली तरी भिंत आडवी येते.

सर तिथं फिरायला यायचे. त्यांची बायको शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत इंजिनिअर, दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेली. सर घरी. सकाळी उजवा पाय जरासा ओढत मैदानाला फेऱ्या मारायचे आणि मग कुंपणाला टेकून आमचा गोंधळ बघत उभे राहायचे. गोंधळच होता. चेंडू जिकडं जाईल तिकडं गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशा सगळ्या मुली. एके दिवशी त्यांना राहवलं नाही. आत आले, माझी परवानगी मागितली आणि पहिली गोष्ट काय केली, तर चेंडू उचलून स्वतःच्या काखेत धरला. म्हणाले, हा आता काही दिवस नको.

त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. ते सूर लावल्यासारखं बोलत. चार मुलींना त्यांनी एका रांगेत उभं केलं आणि एक पुढं गेली की बाकीच्यांनी कसं सरकायचं, एक बाजूला ओढली गेली की मधली जागा कुणी झाकायची, हे स्वतः धावून दाखवायला लागले. मुली एकमेकींकडं बघून खुसुखुसु हसत होत्या. मीही जरा वेळ बघतच राहिले, आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, ही तर कबड्डीतली साखळी! मी ओरडले, "चढाईवाली आलीय असं समजा! हात धरायचा नाही, पण साखळी तुटू द्यायची नाही!" त्याच सकाळी चौघी अशा सरकायला लागल्या की सर तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मी काय सांगितलं ते त्यांना कळेना. मग मी पदर खोचला आणि त्यांना कबड्डीची पकड दाखवली, प्रत्यक्ष, त्यांनाच चढाई करायला लावून. फुफाट्यात बसून ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हे मला पंधराव्या वर्षी कुणी का शिकवलं नाही, म्हणाले.

मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्यांची कारकीर्द मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. कोळशाच्या खाणी बंद पडलेलं त्यांचं गाव, दोन डोंगरांच्या मधल्या घळीत वसलेलं. घरात आजीची भाषा वेगळी, बाहेर इंग्रजी. आमच्या शहरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना जीभ बदलणाऱ्यांना हे काही समजावून सांगावं लागत नाही. एका मोठ्या क्लबनं त्यांना शाळकरी वयात उचललं आणि उंची पुरेशी वाढली नाही म्हणून सोडून दिलं. माणसाला उंचीवरून घरी पाठवतात, हे ऐकून माझ्या तोंडून शिवीच गेली असती. मग खालच्या दर्जाच्या लीगमधले क्लब, एकामागून एक. हिवाळ्यात रात्रभर बसचा प्रवास, नाक दोनदा मोडलेलं, गुडघ्यावर चाकू चाललेला. दर उन्हाळ्यात धास्ती, की पुढच्या मोसमात ठेवतात की नाही. देशाचा लाल शर्ट एकदाच अंगावर चढला, तोही शेवटच्या थोड्या मिनिटांसाठी, एक गोलची आघाडी टिकवायला. टिकवली. मी विचारलं, मग त्याचा व्हिडिओ? ते म्हणाले, कशाचा व्हिडिओ असणार? काही घडलंच नाही. काही घडू न देणं हेच तर काम होतं.

शेवटच्या क्लबनं फोनवरून कळवलं, उद्यापासून येऊ नका. त्यानंतर ते लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. ती सगळी माझ्याच वाट्याला आली होती.

चौघींमध्ये मधोमध उभी राहायची ती सिल्लोडची. तिच्या वडलांची तिकडं मक्याची आडत. शिकायला इथं मामाकडं राहायची. हाडानं दणकट, बोलायला कमी, आणि एकदा सांगितलेलं दगडावर कोरल्यासारखं धरून ठेवणारी. सरांनी तिला एकच गोष्ट पढवली होती. आपल्या संघातली पुढची हुकणार आहे असं धरूनच तू मागं उभं राहायचं. पुढं कोण आहे ते बघायचं नाही. कितीही मोठी खेळाडू असो, तिचा पाय घसरू शकतो. ती हुकली की तू तिथं असली पाहिजेस. मी त्याला कबड्डीतलंच नाव दिलं होतं, कव्हर.

तीन महिन्यांत आमच्यावर गोल व्हायचे थांबले. मुलांच्या संघाशी सराव सामना खेळलो, शून्य-शून्य. सर नाचायचेच बाकी होते. आणि पालक? पालक विचारायचे, "मॅडम, गोल कधी मारणार मुली?" एका बापानं तर सरळ सांगितलं, की माझ्या मुलीला पुढं खेळवा, मागं राहून तिचा फोटो येत नाही. असल्या माणसाला काय बोलायचं?

मग त्या संस्थेनं मैदानावर लोखंडी गोलपोस्ट बसवले. तोवर आम्ही दगड ठेवून खेळत होतो, म्हणून मला आनंदच झाला. अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. मंडप पडला, खुर्च्या आल्या, स्पीकर आला. सरांना सन्माननीय पाहुणे म्हणून बोलावलं. फलकावर त्यांच्या फोटोखाली छापलं होतं, 'इंग्लंडचे महान फुटबॉलपटू'. मी सचिवांना म्हटलं, "अहो, ते वेल्सचे आहेत." सचिव म्हणाले, "मॅडम, एकच की ते." एकच? आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला कुणी पुण्याचा म्हणून सत्कार केला तर चालेल का? पण तेव्हा फलक टांगून झाला होता. स्वतःच्याच गोलात गेलेला चेंडू, मोडलेलं नाक, सगळं हसून सांगणाऱ्या सरांचा चेहरा तो फलक वाचून दाखवल्यावर पहिल्यांदा आंबट झालेला मी पाहिला.

सत्कार झाला. फेटा बांधला, शाल घातली, नारळ हातात दिला. निवेदक तरुण होता, त्याला लोकांना हसवायची भारी हौस. त्यानं माईकवर विचारलं, "सरांनी आयुष्यात एकूण किती गोल मारले?" सर म्हणाले, चार-पाच असतील, बहुतेक डोक्यानं. मंडपात हशा. मग त्या दीडशहाण्यानं फोनवरचा तो व्हिडिओ बघितल्याचं जाहीर केलं. "आणि एक स्वतःच्याच गोलमध्ये!" पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. सर हसले. मी हसले नाही. माझ्या शेजारी सिल्लोडची बसली होती, तिच्या कपाळावर आठ्या होत्या. किती चेंडू या माणसानं बाहेर काढले ते विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. क्रिकेटच्या स्पर्धेचं उद्घाटन असलं की पाहुणे बॅट धरतात आणि त्यांना हळू चेंडू टाकतात. कबड्डीचं असलं की पाहुणे एक चढाई करतात आणि आम्ही त्यांना हात लावून परत जाऊ देतो. फुटबॉलचं असलं तर पाहुणे गोल मारतात. मारतात म्हणजे तो व्हायलाच पाहिजे. गोलकीपरला बाजूला उभं करतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो. मी आयुष्यभर हे बघत आलेय आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

या वेळी सचिवांना जास्तीची हुशारी सुचली. रिकाम्या गोलात मारण्यापेक्षा परदेशी खेळाडूला समोर ठेवून साहेबांनी गोल मारला तर बातमी होईल. ते सरांजवळ गेले आणि आपल्या इंग्रजीत त्यांना समजावलं, की चेंडू सोडा, परवानगीचं नूतनीकरण साहेबांच्याच हातात आहे. सरांनी माझ्याकडं बघितलं. मुलींचं मैदान खरंच यावर आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इथं बरंच काही असल्या गोष्टींवर असतं. ते जरा वेळ फेट्याचा शेमला बोटाला गुंडाळत राहिले आणि मग मान हलवली.

मुलींना यातलं काहीच माहीत नव्हतं. फोटोत याव्यात म्हणून त्यांना गोलच्या दोन्ही बाजूंना उभं केलं होतं.

साहेबांनी बूट काढले नाहीत. कोल्हापुरी नाही, चांगले चकचकीत बूट होते. चार पावलं मागं जाऊन त्यांनी चेंडूला पाय लावला. चेंडू रडतखडत निघाला. सर शाल पांघरून, फेटा बांधून गोलसमोर उभे. चेंडू त्यांच्या पायाजवळ आला आणि सरांनी पाय उचलून बाजूला घेतला. निवेदक "गो" एवढंच म्हणाला. पोस्टजवळून सिल्लोडची सुटली, रेषेवर पोचली आणि तिनं तो चेंडू असा हाणला की तो फोटोवाल्यांच्या डोक्यावरून मंडपात, बिसलेरीच्या बाटल्या मांडलेल्या टेबलावर जाऊन आदळला. बाकीच्या तिघी "कव्हर! कव्हर!" करत टाळ्या पिटायला लागल्या. बिचाऱ्यांना वाटलं, आपण शिकलो ते सगळ्यांसमोर करून दाखवलं.

साहेब हसले, पण कसे, ते मला माहीत आहे. सचिव धावत गेले आणि तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. "अक्कल आहे का? कुणाचा चेंडू अडवतेस?" ती घाबरून माझ्याकडं बघत म्हणाली, "मॅडम, सर हुकले ना! मला वाटलं, सरांचा गुडघा गेला." मी जाऊन आधी सचिवांचा हात तिच्या दंडावरून काढला. त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. साहेब पुन्हा चेंडू मारायला थांबले नाहीत. गाडीत बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकाला कुलूप. सचिवांचा निरोप शाळेत आला, की मुलीनं पुष्पगुच्छ घेऊन साहेबांच्या कार्यालयात यावं, चुकलं म्हणावं, मग बघू. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढंसं तर आहे मॅडम, मिटवून टाका ना." एवढंसं! एका पोरीनं आपलं काम चोख केलं, त्याची माफी मागायची, आणि ते एवढंसं! मी सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, गोल खाल्ल्याबद्दल मी पुष्कळ वेळा माफी मागितलीय, सहकाऱ्यांची, प्रेक्षकांची, एकदा तर पेट्रोल भरणाऱ्या माणसाची. वाचवलेल्या गोलबद्दल कधी नाही.

पण खरी वाईट गोष्ट वेगळीच झाली. कार्यक्रमाचा व्हिडिओ मुलींच्या फोनवर पोचला होता. त्यांनी तो हळू करून बघितला. त्यात स्वच्छ दिसतं, सर हुकलेले नाहीत, गुडघा गेलेला नाही, पाय उचललेला आहे. सिल्लोडची मधल्या सुट्टीत माझ्याकडं आली. "मॅडम, सरांनी मुद्दाम सोडला व्हय?"

मी म्हटलं, मैदानासाठी सोडला गं.

"आपल्याला लई बोलायचे की, कुणासाठीबी सोडायचा नाय म्हणून." एवढं बोलून ती वर्गात गेली. माझा राग तोवर साहेबांवर होता, सचिवांवर होता, निवेदकावर होता. त्या क्षणी तो इतका वाढला की मला स्टाफरूममध्ये बसवेना. मैदान हिसकावलं ते एक वेळ कुठं तरी दुसरं शोधता येईल. पण आयुष्यभर जे एकच काम या माणसानं इमानानं केलं, त्यातच त्याला खोटं पाडलं, आणि तेही त्याच्या सगळ्यात चांगल्या शिष्येसमोर.

तरी आम्ही साहेबांकडं गेलो. बाकीच्या मुलींचा विचार होता, स्पर्धा जवळ आली होती. सिल्लोडची म्हणाली, म्हणते मी चुकलं, काय होतंय. सर आपण होऊन आले. गाडीत ती खिडकीशी बसली आणि सरांशी एक शब्द बोलली नाही. पुष्पगुच्छ तिच्या मांडीवर होता, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला.

साहेबांच्या कार्यालयात माणसांची वर्दळ होती. "या, या, सर!" म्हणून त्यांनी मोठ्या तोंडानं स्वागत केलं, चहा सांगितला. टेबलावर एक मोठं रंगीत चित्र पसरलेलं होतं. हिरवागार गालिचा, भोवती उंच जाळ्या, दिव्यांचे खांब, आत क्रिकेट खेळणारी मुलं. मागं दिसणारी चिंच मी ओळखली. ते आमचंच मैदान होतं.

मी विचारलं, "साहेब, हे काय?"

"टर्फ होतंय मॅडम. दिवाळीनंतर काम सुरू. पोरं आजकाल टर्फवरच खेळतात, तासावर देणार आहोत."

"मग सकाळची आमची परवानगी?"

"ते तर मागंच ठरलंय की. कार्यक्रमाच्या आधीच." मग मुलीकडं वळून, अगदी मायेनं, "पण सगळ्यांसमोर झालंय ना, तर मिटवून घेऊ. बोल बेटा, घाबरू नको."

माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "मैदान आधीच विकून बसलात, मग त्या दिवशी ह्यांना कशाच्या नावानं चेंडू सोडायला लावला? आणि आता ही पोर कशासाठी माफी मागणार? लाज वाटत नाही?" बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. सचिव "मॅडम, मॅडम" करायला लागले. सरांनी माझ्या कोपराला हात लावला आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, चित्राकडं बोट दाखवून. ते ऐकताना त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी हळूच मला विचारलं, माझी चूक झाली, हे मराठीत कसं म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलं.

ते उठले, तेव्हा साहेबही खुर्चीत सरसावून बसले. एकानं फोन वर धरला. सरांनी मुलीच्या हातातला पुष्पगुच्छ घेतला, साहेबांकडं पाठ केली, आणि तोच गुच्छ तिच्यासमोर धरून म्हणाले, "माझं चुकलं."

साहेबांना वाटलं असावं, काहीतरी उलटसुलट झालंय. ते "इकडं, सर, इकडं" म्हणाले. सर हलले नाहीत. ती गुच्छाकडं बघत होती. आजवर स्टेजवर उभ्या पाहुण्यांना गुच्छ नेऊन देणं तिनं बऱ्याचदा केलं असेल. तिला कुणी दिला नसेल. तिनं तो घेतला, छातीशी धरला, आणि मैदानावर बोलायची तशा ठणठणीत आवाजात म्हणाली, "सर, परत नका सोडू."

मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. सर म्हणाले, "नाही."